गोमाजींचे बारा गोऱ्हे

गोमाजी कापगते वासरांना दूध प्यायला शिकवत ते डाव्या हातानं, आणि खच्ची करत ते उजव्या हातानं. दोन कामांना दोन हात त्यांनी वाटून दिले होते. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलं. त्या सहा वर्षांत ही वाटणी मोडलेली मी पाहिली नाही.

बादलीत तोंड घालून दूध पिणं वासराला उपजत येत नाही. आचळ वर असतं, म्हणून ते मान वर करतं आणि बादली खाली राहते. मग माणसानं दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. ते चोखायला लागलं की हात हळूहळू खाली न्यायचा, बादलीत बुडवायचा, आणि बोटांवरून दूध आत जायला लागलं की बोटं अलगद काढून घ्यायची. दुसऱ्यांना यात तीन-चार दिवस जात. गोमाजींकडे वासरू बहुतेक पहिल्याच वेळी प्यायचं. त्यांची डाव्या हाताची ती दोन बोटं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असत, दिवसभर धुणं धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी.

उजव्या हातात चिमटा. लांब दांड्यांचा, लोखंडी, कातडी न फाडता आतली नस तेवढी दाबून चेचणारा. एक दांडी ते गुडघ्याला टेकवत आणि दुसरी उजव्या हातानं मिटत. नस धरायला बिसाहू नावाचा छत्तीसगढी गडी असे, कारण डावा हात गोमाजी त्या कामाला लावत नसत. बिसाहूला हे कधी पटलं नाही. पण गोमाजी स्टॉकमन, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखालचे मदतनीस होते आणि बिसाहू गडी होता, म्हणून तो धरायचा.

आम्ही काम करत होतो ती डेअरी भिलाईच्या पोलाद कारखान्याची, मरोदा गावाच्या अंगाला होती. पलीकडे धानाची शेतं, अलीकडे कारखान्याचे उभे राहत असलेले सांगाडे, आणि मधे आमचे पत्र्याचे गोठे. दूध दवाखान्याला जाई, रशियन साहेबांच्या बंगल्यांवर जाई, उरलेलं कॅन्टीनला. मी दुधाची फॅट काढायला, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते तपासायला होते. अजनीच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. यजमानांना रेल्वेनं कारखान्याच्या यार्डात शंटिंगला पाठवलं आणि त्यांच्यामागे मी भिलाईला आले. तेव्हा तिथं माणसांपेक्षा कामं जास्त होती, म्हणून बाईमाणसालाही नोकरी मिळून गेली. फॅटच्या खोलीला लागूनच वासरांचा गोठा होता. वासरांचं वजन दर सोमवारी लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

गोमाजी मूळचे साकोलीकडचे. उंच, किंचित वाकलेले, चाळिशीच्या पुढचे. बोलणं थोडं, आणि ते थोडंही हळू. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत.

पहिल्यांदा मी त्यांना चिमटा लावताना पाहिलं तेव्हा एक तांबडा गोऱ्हा कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. चार पाय रोवले होते. बिसाहूनं कमरेच्या गाठीतून गुळाचा खडा काढला.

"थोरकन गुड देखा दव, अपने आप आ जाही," तो म्हणाला.

"ठेव तो," गोमाजी म्हणाले. "गूळ दाखवून बोलवाचं अन् मंग चिमटा लावाचा, हे बरं नाई. दुसऱ्या खेपी त्यानं गुळावर कसा विश्वास ठेवावा?"

मग ते स्वतः कोपऱ्यात गेले, गोऱ्ह्याच्या गळ्यात हात टाकून त्याला ओढत बाहेर घेऊन आले. ओढताना त्याच्याशी बोलत होते. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "दुखन. लय दुखन. खोटं नाई सांगत तुले. पन थोडाच वेळ." गोऱ्ह्यानं लाथ मारली, ती त्यांच्या नडगीवर बसली. त्यांनी नडगी चोळलीसुद्धा नाही. काम झाल्यावर बिसाहू म्हणाला, एवढ्यापेक्षा गूळ सोपा होता. गोमाजी म्हणाले, "सोपा त हायच."

एकदा मी त्यांना विचारलं, या कामात कसे आलात. त्यांनी वडिलांच्या एका बैलाची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी चिमटा नव्हता. गोऱ्हा पाडायचा, पाय बांधायचे आणि दोन दगडांमध्ये बडवायचं. घरच्या एका गोऱ्ह्याला वडिलांनी असं बडवलं. पुढं तो चांगला बैल झाला, बारा वर्षं नांगराला चालला. पण वडील डाव्या अंगानं जवळ आले की तो थरथरायचा. जू ठेवायचं ते दुसऱ्या कोणीतरी. वडिलांनी त्याला हातानं सरकीची ढेप चारली, पोळ्याला सजवला, पायाही पडले. काही उपयोग झाला नाही.

"बाप म्हातारा झालता," गोमाजी म्हणाले, "तरी गोठ्यात जाऊन त्याच्यापासून दूर उभा राहाचा. बोलाचा नाई काई. नुसता उभा." पुढं गोंदियाच्या जनावरांच्या दवाखान्यात कोणीतरी हा चिमटा दाखवला. रक्त नाही, दगड नाही. ते तिथंच शिकायला राहिले.

डेअरीत कालवड झाली की सगळ्यांना बरं वाटे. गोऱ्हा झाला की कोणी काही बोलत नसे. दूध विकायचं होतं. गोऱ्ह्याला पाजून काय करायचं? त्याला कोणी मारत नसे. फक्त त्याच्यापुढं बादली यायची नाही, किंवा अर्धी यायची. आठ-पंधरा दिवसांत तो आपोआप आडवा पडे. मेलेल्या जनावरांच्या रजिस्टरात कारणाचा रकाना होता. तिथं 'हगवण' लिहायचं. गोमाजी ते लिहीत नसत. रजिस्टर माझ्याकडे आणून ठेवत आणि म्हणत, "तुम्ही लिवा, बाई. तुमचं अक्षर चांगलं हाय."

ते अक्षरासाठी नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांची बायको अनसूयाबाई एकदा बोलता बोलता सांगून गेली की गोंदियाला असताना त्यांची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. दोन्ही हगवणीनं.

आमचे डॉक्टरसाहेब बंगाली होते. तरुण, चष्म्याचे, सतत काहीतरी वाचणारे. त्यांनी वरच्या साहेबांकडे एक योजना मांडली. साय काढून घेतल्यावर जे दूध उरतं, ते कोणी विकत घेत नाही. ते गोऱ्ह्यांना पाजायचं. सायीऐवजी त्यात जवसाचं तेल घुसळून द्यायचं. जवस तर या मुलखात घरोघरी. असे गोऱ्हे वर्षभर सांभाळून खच्ची करून आसपासच्या शेतकऱ्यांना बैल म्हणून द्यायचे. वरचे साहेब म्हणाले, आधी करून दाखवा.

म्हणून बारा गोऱ्हे निवडले आणि चार कप्पे केले, कप्प्यात तीन-तीन. पहिल्या दोन कप्प्यांतले खच्ची करायचे, शेवटच्या दोन कप्प्यांतले तसेच ठेवायचे. पहिल्या आणि तिसऱ्याला दुधात तेल, दुसऱ्या आणि चौथ्याला नुसतं साय काढलेलं दूध. तेलानं फरक पडतो का, खच्ची केलेला लवकर भरतो की तसाच ठेवलेला, हे सहा महिन्यांत दिसेल, असं डॉक्टरसाहेबांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. गोमाजींना हे काम फार आवडलं. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की ते दूध कोमट करत, त्यात तेल ओतत आणि रवीनं घुसळत बसत. तेलाचा एक थेंब वर तरंगता कामा नये. तेल जास्त झालं की वासरू हगतं. म्हणून माप त्यांनी एका वाटीवर खिळ्यानं ओरखडा काढून ठेवलं होतं.

भोंगा झाला की दूध येतं, हे गोऱ्ह्यांना आठवड्याभरात कळलं. भोंगा वाजायचा आणि बाराही जण कठड्याला येऊन उभे राहायचे.

थंडी पडली तसा फरक दिसायला लागला. तेलवाल्यांच्या अंगावर चकाकी आली. बिनतेलवाल्यांचे केस उभे राहिले, पाठी वाकल्या. ते भिंतीचा चुना चाटत, एकमेकांचे कान चोखत, दोर चावत. चौथ्या कप्प्यात कपाळावर चांद असलेला एक काळा गोऱ्हा होता. तो तर सोमवारी काट्यावर उभा राहायलाही कंटाळायचा. मी वजन लिहिताना मनात म्हणायची, हा काही संक्रांत पाहत नाही.

आणि मग तो सुधारला. दोन सोमवार वजन स्थिर राहिलं, तिसऱ्या सोमवारी वाढलं. त्याचे सोबतीही सुधारले. दुसऱ्या कप्प्यातलेही. मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, शरीर नुसत्या दुधाला सरावलं असेल. वजन करताना मला गोऱ्ह्यांच्या तोंडाला एक वास यायचा, रंगाच्या दुकानात येतो तसा. तेव्हा गोठ्याचे कठडे रंगवायचं काम चालू होतं, आणि रंगातही जवसाचंच तेल असतं. मी तो वास कठड्यांचा समजले. खरं तर समजले नाही, समजायचं ठरवलं.

त्याच सुमारास अनसूयाबाई माझ्या घरी आली. ते लोक कॅम्प-एकच्या वसाहतीत राहत. तिथून ती एवढं चालत आलेली. बसली, पाणी प्यायली, मग म्हणाली, "बाई, एक विचारू का? माह्या भावानं सुगीत जवसाच्या तेलाचा पिपा धाडला होता. वर्सभर पुरते आमाले. आता तळाले लागला. मी विचारलं त हे काईच बोलत नाईत. तुमाले काई माईत हाय का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. भोंगा व्हायचा होता. गोमाजी चौथ्या कप्प्यात उकिडवे बसले होते, आणि त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवरून तेल त्या चांदवाल्याच्या तोंडात जात होतं. मला पाहून ते दचकले नाहीत. त्याचं पिणं संपेपर्यंत हातही काढला नाही.

"गोमाजी, हे कावून करून राहिले तुम्ही?" मी विचारलं.

"त्याच्या म्होरून मी तेलाची बादली घेऊन जातो, बाई. रोज. वास येते त्याले. मान काढते. मी थांबत नाई, तिसऱ्या कप्प्यात जातो." ते उठले, हात धोतराला पुसला. "कागदावर तुह्या नशिबी तेल नाई, हे मी त्याले कोन्या भाषेत सांगू?"

"पण डॉक्टरसाहेबांचं काम बिघडन न."

"काम त चांगलंच होऊन राहिलं. सगळेच जगून राहिले." ते अगदी साधेपणानं म्हणाले. "मेल्यानं कोनाचं काम होते?"

मी तेव्हाच डॉक्टरसाहेबांकडे जायला हवं होतं. गेले नाही. मला वाटलं, सहा तर वासरं आहेत, जगली तर जगली. शिवाय त्या रजिस्टरात 'हगवण' लिहून मीही कंटाळले होते. मी पुढचे सगळे सोमवार वजनं लिहीत राहिले. माझं अक्षर चांगलं होतं.

सहा महिने झाले. बाराच्या बारा गोऱ्हे जगले. डॉक्टरसाहेबांनी वजनं मांडली, पुन्हा मांडली. खच्ची केलेले थोडे कमी वाढले होते पण शांत होते. न केलेल्यांच्या माना जाड झाल्या होत्या आणि ते शिंगं लावायला शिकले होते. हे अपेक्षेप्रमाणेच होतं. पण तेलाचा फरक काहीच दिसत नव्हता. ते बुचकळ्यात पडले. मग जे दिसलं तेच लिहिलं, कारण ते तसेच होते. तेलाची गरज नाही. नुसत्या साय काढलेल्या दुधावर गोऱ्हे चांगले जगतात.

वरचे साहेब खूश झाले. तेल लागणार नाही म्हटल्यावर योजना लगेच मंजूर झाली. बारा जणांना शेतकरी घेऊन गेले. पुढच्या थंडीच्या आधी चाळीस गोऱ्ह्यांची पहिली खरी खेप गोठ्यात भरली.

मंजुरीचा हुकूम आला त्या दिवशी गोमाजी तो कागद घेऊन फॅटच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, यात तेल कुठी लिवलं हाय?" ते म्हणाले. त्यांना मराठी वाचता येई, इंग्रजी नाही. तेल कुठं आहे ते कोणाकडून तरी वाचून घ्यायला आले होते. मी दोनदा वाचलं. नव्हतं.

ते कागदाची घडी घालून परत गेले.

मला कधी कधी वाटतं की त्या वेळी त्यांनी डॉक्टरसाहेबांना सांगितलं असतं तर सगळं सावरलं असतं. त्यांनाही पुढं तेच वाटत राहिलं. पण तेव्हा दिवस पावसाळ्याचे होते, चारा हिरवा होता, वासरं बरी दिसत होती, आणि कदाचित त्यांना वाटलं असेल की आपलंच चुकलं, खरंच तेल लागत नसेल. त्यांनी बोटांनी चाळीस वासरांना प्यायला शिकवलं. वय झालं तसं हुकमाप्रमाणे एकेकाला चिमटाही लावला. प्रत्येकाला आधी सांगून.

मग थंडी पडली.

पहिल्यांदा केस उभे राहिले. मग चुना चाटणं सुरू झालं. नुकतेच खच्ची केलेले सगळ्यात आधी बसले; त्यांच्या अंगात दुखणं सोसायची ताकदच उरली नव्हती. गोमाजींनी घरून तेल आणलं. अनसूयाबाईनं या खेपेला काही विचारलं नाही, स्वतःच पिपा काढून दिला. पण एका पिप्यात सहा वासरं जगली होती. चाळिसांत तो पंधरा दिवसही पुरला नाही. त्यांनी चिमटा लावणं थांबवलं आणि बिसाहूलाही तसं सांगितलं. बिसाहू म्हणाला, ज्याच्या हातानं इतक्यांचा वंश तोडला त्याला कधीतरी भोगावं लागतंच. हे तो रागानं नाही, काळजीनं म्हणाला होता.

तिसरा गोऱ्हा मेला त्या सकाळी गोमाजी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. मला बरोबर घेऊन गेले. मी दाराशी उभी राहिले. ते खुर्चीसमोर उभे राहिले आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पिपा, वाटी, सकाळची वेळ, किती दिवस. काही वगळलं नाही. माझं नाव मात्र घेतलं नाही.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छहों को दिया?"

"हाव साहेब. छहों को."

"तो मैंने जो लिखा वो सब..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "कापगते, तुम्हें मालूम था हम ये क्यों कर रहे थे?"

"मालूम था साहेब. पन वो भी तो मर रहे थे."

डॉक्टरसाहेब रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि त्याच वेळी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं: आपल्याच देखरेखीत चूक झाली, निष्कर्ष खोटा आहे, तेल ताबडतोब द्यावं. त्यात गोमाजींचं नाव घातलं नाही. मग म्हणाले, "अब जाओ. जो बचे हैं उनको देखो."

पत्र गेलं. दोन आठवडे उत्तर आलं नाही. मग विचारणा आली की गेल्या वर्षी तेल नको म्हणता आणि या वर्षी हवं म्हणता, खरं काय समजायचं? डॉक्टरसाहेब स्वतः जाऊन आले. पुन्हा पत्र लिहिलं. दरम्यान रोज सकाळी भोंगा होई आणि जे उभे राहू शकत ते कठड्याशी येत. जे उभे राहू शकत नसत ते बसल्या जागी मान वर करत. गोमाजी बादली घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. बादली सगळ्यांना मिळे. पोट भरे. आणि तरी ते मरत.

मी रजिस्टर लिही. एके दिवशी गोमाजींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "आजपासून मी लिवतो," ते म्हणाले. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'हगवण' लिहिलं नाही. मोठ्या, वाकड्या अक्षरांत 'तेल नाई' असं लिहिलं. पुढच्या प्रत्येक ओळीत तेच. कोणी त्याबद्दल विचारलं नाही. वाचलं की नाही कोण जाणे.

तेलाची मंजुरी आली तेव्हा होळी होऊन गेली होती आणि गोठ्यात सातच गोऱ्हे उरले होते. नंतर महिन्याभरात योजनाच बंद झाली. साय काढलेलं दूध कॅन्टीनच्या चहाला जायला लागलं. डॉक्टरसाहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी गोमाजींना हातात हात घेऊन निरोप दिला. गोमाजींना ते सहन झालं नाही, त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

कोणी त्यांना शिक्षा केली नाही. मेमो नाही, बोलणं नाही, काही नाही. मला वाटतं, तेच त्यांच्या अंगात जाऊन बसलं. वरच्या साहेबांकडे ते एकदा स्वतः गेले, चूक माझी होती म्हणून सांगायला. साहेबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, हो हो, ठीक आहे, ते प्रकरण आता संपलं. गोमाजी परत आले आणि माझ्या दारात बसले.

"संपलं म्हनते, बाई."

मी चहा दिला. तो त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर ते बदलले असं कोणी म्हणणार नाही. कामात खंड नव्हता. पण सकाळचा भोंगा वाजला की जिथं असतील तिथं थांबत. सायकलवर असले तर उतरत. भोंगा संपला तरी लगेच चालू लागत नसत. काहीतरी ऐकायचं राहिलं आहे अशी मान तिरपी करून उभे राहत. मग जात. अनसूयाबाईनं मला सांगितलं की घरी जेवताना तेलाची धार भातावर घेणं त्यांनी सोडलं, आणि तिनंही सोडलं.

मला ते एकच प्रश्न विचारत. कधी महिन्यानं, कधी चार महिन्यांनी, दुसरंच काही बोलता बोलता.

"मी तवाच सांगितलं असतं, त ते सगळे वाचले असते का जी?"

मी म्हणायची, "नसते वाचले, गोमाजी. तेल लागते म्हटलं असतं तर त्यांनी योजनाच मंजूर केली नसती. ते चाळीस आधीच गेले असते, आठव्या दिवशी."

ते ऐकून घेत. एकदा मात्र म्हणाले, "तुम्ही मले गूळ दाखवून राहिल्या, बाई."

ते खरंही असेल, खोटंही असेल. मला आजही माहीत नाही.

मग त्यांनी एक नवीन काम अंगावर घेतलं. डेअरीत गोऱ्हे जन्मतच होते आणि अर्ध्या बादलीवर जातच होते. सुटीच्या दिवशी ते सायकलनं मरोद्याच्या आसपासची, नंदिनीच्या वाटेवरची खेडी पालथी घालत. कोणाच्या म्हशीचं दूध उरतं, कोणाकडे जवस होतो, कोणाला बैल लागणार आहे, विचारत फिरत. एखादा गौंटिया, म्हणजे तिथला गावचा मोठा शेतकरी, हो म्हणाला की साहेबांची परवानगी काढून गोऱ्हा पोत्यात गुंडाळायचा, फक्त मान बाहेर ठेवायची, सायकलच्या कॅरिअरवर बांधायचा आणि चालत पोचवून यायचं. सोबत तेलाची बाटली आणि ओरखडा काढलेली वाटी. किती घ्यायचं, किती कोमट करायचं, सगळं दाखवून येत. वर्षाला चार-पाच जात असतील. त्यांतले काही जगले, काही नाही. जगलेल्यांना ते पुन्हा पाहायला जात नसत.

आमची बदली इतवारीला झाली, त्याच महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. मी सामान बांधायला दोरखंड आणायला निघाले होते, रिक्षात. नंदिनीच्या रस्त्यावर पुढं एक उंच माणूस वाकून सायकल ढकलत चाललेला दिसला. कॅरिअरवर पोतं. मी रिक्षा थांबवली आणि उतरले.

"कुठं, गोमाजी?"

"चार कोस हाय अजून. तिथला गौंटिया हो म्हनला," ते म्हणाले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. "नवा हाय. सहा दिवसाचा."

मी पोत्याकडे पाहिलं. पांढऱ्या ठिपक्यांचा लहानसा गोऱ्हा होता. मान कॅरिअरच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि सायकल थांबली तरी हलत होती. डोळा उघडा होता. त्यावर माशी बसली आणि तिथंच राहिली.

मी काही बोलणार होते. गोमाजींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"माईत हाय, बाई," ते म्हणाले. "मघाशी, त्या पुलापाशी गेला."

"मग आता कशाला एवढ्या उन्हात? परत चला. मी रिक्षा..."

"गौंटियानं म्हैस राखून ठेवली त्याच्यासाठी. आज सकाळी दोहली नसंन." त्यांनी पोत्याची गाठ पुन्हा ओढून घट्ट केली, लोंबणारी मान उचलून आत नीट ठेवली. "त्याले दाखवाले पाह्यजे न. नाई त म्हनन, आनतो म्हनला अन् आनला नाई."

मी त्यांना बदलीचं सांगितलं. त्यांनी हात जोडले, यजमानांना नमस्कार सांगायला सांगितलं, मुलींची नावं घेऊन विचारपूस केली. मग सायकलचा तोल सांभाळत चालायला लागले. रस्ता चढाचा होता. वर पोचेपर्यंत मी तिथंच उभी होते. चढाच्या टोकाला ते थांबले, कॅरिअरकडे वाकून त्या वासराला काहीतरी म्हणाले, आणि पलीकडे उतरले.